अंबाळ्यावर दिलेला शब्द

प्रतापनगर, नागपूर
३० जून २०२४

चि. नंदिनीस,

अ. उ. आ. तू न सांगता निघून गेलीस त्याचा थोडा राग आहे, तो या आशीर्वादातून वजा करून घे.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि पुढे काही नाही. म्हणून लिहायला बसले. तुझ्या कंपनीच्या हैदराबादच्या गेस्ट हाउसचा पत्ता देवरावच्या हिमानीने दिला. भाचीला तू पत्ता दिलास आणि बहिणीला नाही, याचा हेवा वाटला. तो वाटायला नको होता हेही कळलं.

आई जेवते आहे. तेरवी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी देवरावने महालातलं बाबांचं भांड्यांचं दुकान उघडलं. लोक येतात, बाबांबद्दल हळहळतात आणि त्याच दमात स्टीलच्या डब्याचा भाव पाडून मागतात. देवराव दोन्हींना सारखीच मान डोलावतो.

तुला माहीत आहे, मी रोज डायरी लिहिते. दहाव्याच्या दिवसाचं पान लिहून झालं, पण ते मला तुझ्याकडून तपासून हवं आहे. माणूस कुठे उभा असतो त्यावर त्याला काय दिसतं ते ठरतं, आणि मी डावीकडे, आईला धरून उभी होते.

मी असं लिहिलं आहे. रामटेकला अंबाळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पाणी पार खाली गेलेलं, हिरवं. तलावाभोवतीच्या देवळांच्या शिखरांवर माकडं. बाबारावकाका म्हणत होते की बायांनी घाटावर यायचं काम नाही. आई म्हणाली की माझ्या पोरी येतील. देवरावने पिंड ठेवले, सगळे मागे सरलो. पिंपळावर कावळे होते, पण पिंडाला शिवायला एकही येईना. मग नेहमीची रीत सुरू झाली. गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखायचं आणि ती पुरी करायचा शब्द मोठ्याने द्यायचा. काका म्हणाले, नरखेडच्या संत्र्याच्या बागेतला धुऱ्या-बांधाचा वाद मी मिटवतो. देवराव म्हणाला, आईला अंतर देणार नाही. आई म्हणाली, मी रडणार नाही, आणि रडली. मी म्हटलं की बाबांची पुस्तकं मी सांभाळीन. म्हणताना माझीच मला लाज वाटली, कारण बाबांनी पंचांगाशिवाय पुस्तक हातात धरलेलं मला आठवत नाही. कावळा आला नाही. मागे दुसऱ्या घरची माणसं जागेसाठी ताटकळत होती. तेव्हा काका तुझ्याकडे न बघता म्हणाले, "जीव कशात अटकला ते सगळ्यांले माहीत आहे. जिच्यात अटकला, तिनं बोलावं."

आणि तू म्हणालीस, "बाबा, मी प्रीतमशी लग्न करणार नाही."

तुझं वाक्य संपलं आणि कावळा उतरला.

हे बरोबर आहे का? त्या वेळी तू कुठे बघत होतीस? तुला आणखी काही दिसलं का? नसेल दिसलं तर राहू दे.

प्रकृतीस जप. माया आहे, ती तू मागितली नाहीस तरी पाठवत राहीन.

तुझी,
ताई


हैदराबाद
१४ जुलै २०२४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग लिहिलं खरं, पण या खोलीत ते घालायचं म्हटलं तर पाय बाथरूममध्ये जातील.

फोन उचलत नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी रडेन आणि तू ते रात्री डायरीत लिहिशील. पत्रात काय दिसू द्यायचं ते निदान माझ्या हातात आहे.

तुझं पान बरोबर आहे. मी पिंडाकडे बघत होते, दुसरं काही दिसलं नाही.

तुला वाटत असेल की शिकलेली मुलगी कावळ्याला कशी भ्याली. भ्याले नाही. मिहानच्या कारखान्यात मी विमानाचे भाग तपासत आले. कावळ्याला भूक लागली की तो येतो एवढं मला कळतं. पण ताई, तू सासरी होतीस, तुला होळीनंतरचं घर माहीत नाही. होळीला मी बाबांना सांगितलं की प्रीतमशी लग्न करायचं आहे. तो आमच्याच शिफ्टला आहे, घर बौद्ध आहे, माणूस चांगला आहे, सगळं एका दमात सांगितलं. ते उठून आत गेले. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेच नाहीत. मी चहा नेला की हिमानीला म्हणायचे, तुझ्या आत्याले सांग, साखर जास्त झाली. मी तिथेच उभी असायची. दवाखान्यात मी तोंड पुसायला गेले की डोळे मिटून घ्यायचे. तुम्हांला वाटायचं की झोपले. शेवटच्या दिवशी आई आत बसली होती आणि मी दुपारभर बाहेरच्या बाकावर. एकदा तरी बोलावतील म्हणून डुलकीसुद्धा घेतली नाही, चहावर चहा पीत बसले. बोलावलं नाही.

मग अंबाळ्यावर मी ते वाक्य बोलले आणि ते आले. तुम्ही कावळा म्हणा. होळीनंतर पहिल्यांदा माझे वडील माझ्याशी बोलले. माझ्या शब्दावर जेवले. आता तो शब्द मोडला तर ते पुन्हा डोळे मिटतील, आणि या वेळी उघडायला ते नसतील.

प्रीतमला निघायच्या आदल्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की त्याच्या आजोबांनी, धोंडबांनी, छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा घेतली होती. "ज्यातून माझा आजा बाहेर पडला, त्याच पिंडावर तू मला ठेवून चाललीस," म्हणाला. मग त्याला वाटलं की फार लागेलसं बोललो. माझ्यासाठी चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाला की दसऱ्याला, धम्मचक्र दिनाला, तो आईला, प्रेमिलाबाईंना घेऊन दीक्षाभूमीवर जातो, तोवर थांबेन. तू काही कळवलं नाहीस तर भंडाऱ्याहून सांगून आलेल्या मुलीला होकार देईन. मी म्हटलं थांबू नकोस. तो म्हणाला, थांबायचं मला आहे, तुला त्यात काही करावं लागत नाही.

तर असं आहे. इथे भाजीत चिंच घालतात, बाकी बरं आहे. हिमानीला सांग, तिच्या मापाचा ड्रेस पाहून ठेवला आहे.

माया पाठव, फक्त तिची नोंद ठेवू नकोस.

तुझी,
नंदिनी


प्रतापनगर
२८ जुलै २०२४

चि. देवरावास,

अ. आ. एकाच शहरात राहून पत्र पाठवते म्हणून हसशील. दुकानात तुझ्यासमोर गिऱ्हाईक असतं, घरी आई असते, आणि मी समोर बसून विचारायला लागले की तू काहीतरी विनोद करतोस, मी हसते, आणि विचारायचं राहून जातं.

दहाव्याला पिंड ठेवल्यावर गुरुजींनी तुझ्या हातात माकडं हाकलायला बांबूची काठी दिली होती. तू पिंडांजवळ उभा राहिलास. माकडं डावीकडच्या देवळावर होती, माझ्या अगदी समोर, आणि ती जागची हलली नव्हती. कावळे उजवीकडून, पिंपळावरून येत होते. खालच्या पायरीवर बसायचे, दोन उड्या पुढे यायचे आणि तुझी काठी फिरली की परत जायचे. काका शब्द देत होते तेव्हा काठी फिरत होती. आई बोलली तेव्हा फिरत होती. मी पुस्तकांचं बोलले तेव्हाही. नंदिनी बोलली आणि तू काठी पायरीवर ठेवलीस. माकडं होती तिथेच होती.

मी हे पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. दुःखात माणसाला नको ते दिसतं, हे मला मान्य आहे. तुझ्यावर मी लहानपणापासून पटकन संशय घेते, हेही खरं. तुझा हात दुखला असेल. उन्हात घाम येऊन काठी निसटली असेल. तू मला एवढंच लिही की हात दुखला होता. मी विश्वास ठेवीन आणि पुन्हा विचारणार नाही.

नंदिनी त्या कावळ्याला बाबा समजून बसली आहे. प्रीतम दसऱ्यापर्यंत थांबणार आहे. म्हणून घाई.

सगळ्यांना यथायोग्य. माया कमी झालेली नाही, उत्तर काहीही आलं तरी होणार नाही.

ताई


महाल, नागपूर
४ ऑगस्ट २०२४

ती. ताईले,

शि. सा. न. पोस्टमननं पत्र भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर हातात दिलं. सगळ्यांले वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचल्यावर मलेही तसंच वाटलं.

हात दुखला नव्हता. तुले खोटं लिहून काय फायदा, तुले ते पचत नाही आणि मग तू चार पानं आणखी लिहितेस.

मी माकडं हाकलत होतो. कावळे भ्याले असतील तर भ्याले. नंदी बोलली, मले वाटलं झालं आता, काठी ठेवली. मी कोणाचा गळा नाही धरला. बोलली ते तिच्या तोंडानं बोलली. तिले बोलायले लावलं काकानं, रडून दाखवलं आईनं, आणि तू पुस्तकं सांभाळायचा शब्द देऊन उभी होतीस. काठी तेवढी माझ्या हातात होती, म्हणून सगळा हिशेब माझ्या नावावर काहून?

आणि एक सांग वं ताई. तुले ते तेव्हाच दिसलं ना? मग तेव्हा काहून नाही बोललीस? मोठ्यानं बोलायचीच तर रीत चालू होती तिथं. एक वाक्य बोलली असतीस, देवराव, काठी ठेव. मी ठेवली असती. तू घरी आलीस, जेवलीस, डायरी लिहिलीस, आणि दीड महिन्यानं मले पत्र पाठवून राहिलीस.

आता खरी गोष्ट. हिमानीले मोहितचं स्थळ आलं आहे. पोरगा इंजिनिअर, माणसं सज्जन. पहिल्याच भेटीत त्याच्या आजीनं हसत हसत विचारलं, घरातली सगळी लग्नं आपल्यातच झाली ना? मी म्हटलं हो. खोटं नव्हतं, अजून तरी. तुले नंदीले सांगायचं असन तर सांग, मी काही तुझा हात धरणार नाही. पण मग हिमानीलेही तूच येऊन सांग, की पोरी, तुझ्या मोठ्या आत्याच्या सच्चाईपायी तुझं स्थळ गेलं. तिच्या तोंडाकडे पाहून सांग, पत्रानं नाही.

राखीले ये. आई पुरणपोळ्या करायचं म्हणते. यंदा सण नाही हे तिले दोनदा सांगून झालं.

आशीर्वाद चालू ठेव, भाव काहीही लाव.

तुझा,
देवराव


महाल
१ सप्टेंबर २०२४

सौ. शामलीले आईचे आशीर्वाद.

मले फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहून राहिली. अक्षर वाकडं आहे, समजून घेजो. राखीले तू आली, दोन घास खाल्ले आणि देवराव संग एक शब्द बोलली नाही. मले कानानं कमी येते, डोळ्यानं नाही.

देवरावनं तुहं पत्र मले दाखवलं. काठी मलेही दिसली होती. मी त्याची माय होय, त्याच्या हाताकडे मी नाही पाहणार तर कोण पाहीन. मी काहून बोलली नाही म्हणशीन तर मले वाटलं बरं झालं. पोरीच्या तोंडून सुटलं एकदाचं. रडीन चार महिने आणि मोकळी होईन. रडणं जाते बाई. मलेच विचार. सोळाव्या वर्षी मीही रडली होती, कोणासाठी ते आता चेहराही आठवत नाही.

तू लय खोलात जाते. लहानपणीही गहू निवडायले दिले का एकेक दाणा उन्हात धरून पाहे, आणि पोळ्या व्हाच्या राहून जाय.

तुले एक सांगते, म्हणजे तुह्या ध्यानात येईन का मी काय काय गिळून बसली आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुह्या बापानं डोळे उघडले आणि मले म्हणे, नंदीले बोलाव. आवाज नव्हता, पण ओठावरून समजलं. पुन्हा म्हणे, बोलाव, मले बोलायचं आहे तिच्या संग. ती बाहेर बाकावर बसून होती, दारातून मले तिची ओढणी दिसे. मी म्हणलं, झोपली आहे ती, थकली, उठवत नाही. काहून की मले माहीत होतं ते काय बोलतीन. ते पाघळले होते. पोरीच्या बाबतीत ते पयलेपासूनच कच्चे. हो म्हणून गेले असते आणि निस्तरायले मी राहिली असती, हिमानी राहिली असती. त्यायनं, बरं, झोपू दे, म्हणलं आणि डोळे मिटले. मंग उघडलेच नाही.

हे मी कोणाले सांगतलं नाही. तुले सांगतलं, आता तू माह्या गळ्याची शपथ पाळजो. हिमानीची सुपारी फुटू दे, साखरपुडा होऊ दे, मंग तुले काठीचं काय सांगायचं ते सांग. बापाचं सांगू नको. ते माहं आहे.

जावईबापूंचे गुडघे कसे आहेत? मेथ्या भिजवून देत जा.

आईची माया लिहून पाठवा लागत नाही, तरी पाठवते.

आई


प्रतापनगर
२१ नोव्हेंबर २०२४

चि. नंदिनीस,

अ. उ. आ. जुलैच्या तुझ्या पत्राला मी मधे दोन कार्डांनी उत्तर दिलं, त्यांत हवापाण्याशिवाय काही नव्हतं. तेव्हा लिहायला हवं होतं ते आता लिहिते.

अंबाळ्यावर कावळा येत नव्हता, कारण देवराव काठी फिरवत होता. तू बोललीस आणि त्याने काठी खाली ठेवली. मला ते तेव्हाच दिसलं. आईलाही दिसलं. मी देवरावला पत्राने विचारलं, त्याने नाकारलं नाही.

एवढं मी एका ओळीत लिहू शकले असते. पण तुझ्यासमोर ते ठेवायच्या आधी मला खात्री हवी होती. माझे डोळे, माझा राग, देवरावबद्दलचं माझं जुनं मत, यांतलं काय बोलतं आहे ते मला वेगळं करता येत नव्हतं. म्हणून पितृपक्षात एकटी रामटेकला गेले. यांना सांगितलं की दर्शनाला जाते, आणि ते खोटं ठरू नये म्हणून आधी खरंच गडावर गेले. रामाचं, लक्ष्मणाचं दर्शन घेतलं. वराहाच्या मूर्तीखालून लोक सरपटत जातात, पापी माणूस अडकतो म्हणतात. माझ्यापुढचा एक गृहस्थ निम्म्यात अडकला तर त्याची बायको म्हणाली की पाप नव्हे, तर्री-पोहे आहेत. सगळे हसले, मीही हसले, आणि माझी पाळी आली तेव्हा रांगेतून बाजूला झाले.

मग खाली अंबाळ्यावर येऊन पायऱ्यांवर बसले. पितृपक्ष असल्याने एकामागून एक घरं येत होती. पान ठेवून माणसं मागे सरायच्या आत कावळे उतरत होते. इच्छा ओळखायला, शब्द द्यायला कुणाला फुरसतच मिळत नव्हती. एका घरचा म्हातारा माकडांसाठी काठी घेऊन पानाशेजारीच बसला होता, मांडीवर आडवी धरून. त्याच्या पायाशी कावळे खात होते. त्याने एकदाच ती उचलली, माकड जवळ आलं म्हणून, तर सगळे कावळे एकदम पिंपळावर गेले, आणि काठी खाली येताच परत आले. मी दुपारपर्यंत बसले. मग मला शंका उरली नाही.

तेव्हा दसरा यायचा होता. प्रीतम दसऱ्यापर्यंत थांबणार आहे हे तू मला लिहिलं होतंस. मी घरी येऊन पत्र लिहिलं आणि पाकिटात घातलं. मग वाटलं की मी हे कुणासाठी पाठवते आहे? तुला मोकळं करायला, की मला मोकळं व्हायला? दुसऱ्या कारणाने पाठवलं तर खरं सांगूनही ते खोटंच होईल, असं वाटलं. आईने थांबायला सांगितलं होतं. हिमानीचा चेहरा डोळ्यांपुढे होता. ती रोज मला फोन करून साखरपुड्याच्या साडीचा रंग बदलत होती. दसऱ्याला गाडी दीक्षाभूमीच्या अलीकडे लावून मी नुसती उभी राहिले, गर्दी बघत. त्यात प्रीतम आणि त्याची आई असतील असं वाटत होतं. दिसले असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी घरी आले.

आता पाठवते आहे. तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण प्रीतम अजून थांबला असेल, अशी मला आशा आहे. लोक म्हणतात त्या तारखेपेक्षा जास्त थांबतात. तू त्याला आजच फोन कर. त्या घाटावर तुला कुणी उत्तर दिलं नाही. तुझा शब्द कुणी घेतलेलाच नाही, तेव्हा तो मोडायचाही प्रश्न नाही.

आणखी एक सांगायचं आहे. ते बाबांबद्दल आहे आणि मला आईकडून कळलं आहे. त्याची तिने शपथ घातली आहे, ती मोडायची असं मी ठरवलं आहे. पण याच पत्रात लिहिलं तर दोन्ही गोष्टी तुझ्या मनात एकमेकींत मिसळतील, आणि दुसरीला तिची जागा मिळणार नाही. म्हणून आधी हे पोचू दे. तुझं उत्तर आलं की त्याच दिवशी लिहिते.

माया मागायचा हक्क नाही. सवयीने मागते आहे.

तुझी,
ताई


हैदराबाद
१ डिसेंबर २०२४

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कॅन्टीनमध्ये वाचलं. शेजारी बसलेल्या मेघाने विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी सांगितलं, माझी बहीण फार सुंदर लिहिते.

प्रीतमचं लग्न नोव्हेंबरच्या सतरा तारखेला झालं. मी गेले होते. कंपनीतले आम्ही सगळेच गेलो होतो, न जाणं जास्त दिसलं असतं. प्रेमिलाबाईंनी मला हाताला धरून जेवायला बसवलं आणि वाढणाऱ्याला सांगितलं की हिला आणखी वाढ, ही वाळली आहे. मी पोटभर जेवले. मुलगी चांगली आहे. मला ताई म्हणाली.

म्हणजे तुझं पत्र निघालं तेव्हा त्याच्या अंगाची हळदसुद्धा उतरली नव्हती. हिमानीचा साखरपुडा चौदाला झाला, फोटो तिनेच पाठवले. तुझ्या पत्रावर तारीख एकवीस आहे. तू इतकं सगळं तपासतेस, हे तपासलंस का? मला वाटतं तपासलं असशील. त्याचं डायरीतलं पान वेगळं असेल, मला दाखवायचं नसेल.

मी रागावलेले नाही. देवरावदादाने काय केलं ते मला कळतं, त्याला मुलगी आहे. आईचंही कळतं. त्यांना मला अडवायचं होतं, त्यांनी अडवलं. तुझं मात्र मला कळत नाही. तुला मला अडवायचं नव्हतं आणि सोडवायचंही नव्हतं. तुला फक्त बरोबर असायचं होतं.

परवापर्यंत माझ्याजवळ एक गोष्ट होती. प्रीतम गेला होता, पण त्याच्या बदल्यात बाबा मिळाले होते. मला तो सौदा पटला होता. खरं सांगते, लग्नाच्या मांडवातसुद्धा पटला होता. जेवताना मी मनात म्हटलं, बाबा, बघा, शब्द पाळला. आणि मला वाटलं की ते बघताहेत, डोळे उघडे आहेत. एवढ्यावर मी आयुष्य काढलं असतं. लोक याहून कमी गोष्टींवर काढतात.

तू सप्टेंबरात लिहिलं असतंस तर माझा प्रीतम राहिला असता. कधीच लिहिलं नसतंस तर बाबा राहिले असते. तू नेमकी अशी वेळ निवडलीस की दोघंही गेले. होळीपासून ते माझ्याशी बोलले नाहीत आणि न बोलताच गेले, हे आता पक्कं झालं. ते तू घाटावर दुपारपर्यंत बसून सिद्ध केलंस.

हिमानीच्या लग्नाला मी येईन. तुझ्याशेजारी उभी राहून फोटो काढीन, काकांच्या पाया पडेन, देवरावदादाच्या हातचा विडा घेईन. मला काठीचं कळलं आहे हे त्यांना सांगू नकोस. त्यांना माझ्यासमोर जेवता आलं पाहिजे. मला तेवढं घर तरी हवं आहे.

आता बाबांबद्दलचं तुझं ते दुसरं. ते नको. तू ज्या काळजीने ते मागे ठेवलं आहेस त्यावरून कळतं की ते आणखी वाईट असणार. मला सोसेल असं वाटत नाही. आईची शपथ मोडू नकोस, आणि मी विचारलं तरी सांगू नकोस. समोर भेटल्यावर तो विषय काढलास तर मी उठून जाईन, आणि मग परत येणार नाही. हे मी घाटावर बोलत नाही, तरी शब्द म्हणूनच लिहिते आहे.

पत्रं लिहीत राहा. थंडी किती पडली ते लिही, संत्री कशी आहेत ते लिही, भाऊजींचे गुडघे लिही. मी उत्तर देईन. फक्त खरं काही लिहू नकोस.

तुझी,
नंदिनी